'स्टॉक फायनल न्यू २': क्लायंटची एक्सेल एआयच्या मदतीने सॉफ्टवेअरमध्ये कशी चढवायची

भिवंडीच्या गोदामातून 'आयटम मास्टर' (सगळ्या मालाची मूळ यादी) म्हणून जी पहिली फाइल येते, तिचं नाव बहुधा 'स्टॉक फायनल न्यू २' असं असतं. उघडली की वरच्या चार ओळींत फर्मचं नाव, पत्ता आणि 'श्री गणेशाय नमः'. शीर्षकं पाचव्या ओळीत, त्यातली दोन जोडलेल्या चौकटींत. खाली दर चाळीस ओळींनी 'बेरीज पुढे' आणि 'मागील पानावरून'. मध्येच काही ओळी पिवळ्या, आणि पिवळ्याचा अर्थ ज्याने रंगवलं त्यालाच ठाऊक.

मी महाप्याला सप्लाय चेन सॉफ्टवेअरच्या इम्प्लिमेंटेशनमध्ये काम करते. क्लायंटचा जुना डेटा आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आणायचा आणि त्याचं काम सुरू करून द्यायचं. पूर्वी एका क्लायंटच्या डेटात तीन आठवडे सहज जायचे. एआय हाताशी आल्यापासून तेच काम बऱ्याचदा आठवड्याच्या आत उरकतं. पण ते कसं उरकायचं, हे नव्याने लागलेल्या पोरांना कोणी नीट सांगत नाही. ती फाइल चॅटमध्ये टाकतात, 'क्लीन करून दे' म्हणतात आणि जे येईल ते चढवतात.

मीही सुरुवातीला तेच केलं होतं. पार्टी मास्टरच्या, म्हणजे क्लायंटच्या गिऱ्हाइकांच्या यादीच्या, ३०० ओळी एआयला दिल्या आणि साफ करायला सांगितलं. परत आल्या २९१, पण अशा सुबक की बघत राहावं. नऊ ओळी कुठे गेल्या ते शोधताना दुसरंच सापडलं. चार पार्ट्यांचा जीएसटी नंबर मूळ फाइलीत रिकामा होता, नव्या फाइलीत तो भरलेला होता. प्रत्येकी १५ अक्षरं, सुरुवात २७ ने, चौदावं अक्षर झेड. सगळं जागच्या जागी आणि सगळं मनाने रचलेलं. शेवटचं तपासणी-अक्षर (आधीच्या चौदांवरून हिशेबाने निघणारं) जुळेना म्हणून पकडले गेले. नाहीतर त्या पार्ट्यांची बिलं त्याच नंबरांनी फाटली असती.

तेव्हापासून मी एकच नियम पाळते: एआयने फाइल बघायची आणि कुठलं काय कुठे जातं ते सांगायचं. ओळींना हात लावायचा तो साध्या कोडने, म्हणजे दर वेळी तेच करणाऱ्या आणि स्वतःचं डोकं न चालवणाऱ्या कोडने. ते कोडही एआयकडून लिहून घ्या, हरकत नाही. पण चालवायच्या आधी वाचा. आणि 'हो, चढवा' हे माणसाने म्हणायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या याच नियमातून येतात.

आणखी एक घोळ पहिल्याच दिवशी मिटवून घ्या. 'कस्टमर डेटा' म्हटलं की आपल्या ऑफिसात त्याचा अर्थ होतो क्लायंटने दिलेला डेटा, आणि क्लायंटच्या ऑफिसात होतो त्याच्या गिऱ्हाइकांची यादी. एका मीटिंगमध्ये दोन्ही बाजू पाऊण तास वेगवेगळ्या फाइलींबद्दल बोलत होत्या. या लेखात क्लायंट म्हणजे आपलं सॉफ्टवेअर घेणारा आणि पार्टी म्हणजे त्याचं गिऱ्हाईक.

पायरी ० : गोदामात जाऊन या

लॅपटॉप उघडण्याआधी गाळ्यावर एक चक्कर मारा. भिवंडी, तळोजा, तुर्भे, जिथे माल असेल तिथे. फाइल अकाउंटंट पाठवतो, पण तिच्यातला अर्ध्याहून जास्त अर्थ स्टोअर सांभाळणाऱ्याच्या डोक्यात असतो. माझा असाच एक संवाद:

"काका, हा 'क्वांटिटी २' कॉलम कशाचा?"

"तो होय? तुटक्या मालाचा. पण दिवाळीनंतर जागा नव्हती म्हणून त्यातच सॅम्पल लिहायला लागलो."

"मग तुटका कुठला आणि सॅम्पल कुठलं, ते कसं ओळखायचं?"

"मला विचारायचं."

जगातलं कुठलंही एआय मॉडेल हे ओळखू शकणार नाही, कारण फाइलीत ते लिहिलेलंच नाही. पिवळ्या ओळींचंही तसंच. त्या पिवळ्या का, याचं उत्तर निघालं, "मालकांनी येऊन मोजलेला माल." म्हणजे संपूर्ण फाइलीत भरवशाचा आकडा तेवढाच, आणि फाइल सीएसव्ही (नुसत्या मजकुराची) केली की रंग उडतो! काकांचा नंबर घेऊन ठेवा, पुढे रोज लागेल. फोन शक्यतो दुपारी जेवणानंतर करा, सकाळी गाड्या लागलेल्या असतात.

पायरी १ : कच्ची फाइल मागा, टेम्प्लेट भरायला लावू नका

साठ-सत्तर कॉलमचा टेम्प्लेट क्लायंटला पाठवायचा आणि 'हे भरून द्या' म्हणायचं, ही जुनी पद्धत. त्यात काय होतं? अकाउंटंट महिनाअखेरीच्या धांदलीत इकडचं तिकडे चिकटवतो, अनिवार्य कॉलममध्ये 'एनए', 'निरंक' किंवा सरळ एक टिंब टाकतो. आपल्याला वाटतं डेटा आला. खरं तर मूळ डेटा आणि आपण यांच्यात आणखी एका माणसाच्या चुका आल्या.

एआय कॉलम जुळवून देत असेल तर टेम्प्लेटची गरजच उरत नाही. टॅलीतून किंवा जे जुनं सॉफ्टवेअर असेल त्यातून जसं निघेल तसं मागा. एक्सएमएल निघत असेल तर उत्तम, कारण त्यात एक्सेलची लुडबुड नसते. सोबत एक गोष्ट आग्रहाने मागा. जुन्या सॉफ्टवेअरमधून काढलेला एका पानाचा कागद: एकूण आयटम किती, एकूण पार्ट्या किती, स्टॉकची एकूण किंमत किती, पार्ट्यांकडून येणं किती. हा कागद शेवटच्या पायरीत आपला साक्षीदार असतो. फाइल आल्यावर मागितलात तर तोवर आकडे हललेले असतात, तेव्हा त्याच दिवसाचा मागा.

पायरी २ : फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका

या पायरीवर जरा थांबते, कारण एआयच्या नावाने फोडली जाणारी निम्मी खापरं खरं तर इथली असतात.

मूळ फाइलीची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये, फक्त वाचण्यापुरती, बंद करून ठेवा. काम दुसऱ्या प्रतीवर. वाचताना पायथन भाषेत पांडास हे तक्ते वाचायचं साधन वापरत असाल तर प्रत्येक कॉलम मजकूर म्हणून वाचायला सांगा, आकडा म्हणून नाही. कारण एक्सेलला आणि त्याच्या वळणाच्या सगळ्या साधनांना आकडा दिसला की तो सुधारायची खोड आहे.

भारतात नोंदवलेले बारकोड ८९० ने सुरू होतात आणि १३ आकडी असतात. एक्सेल ते '८.९ई+१२' असं दाखवतं. तोपर्यंत आकडा आत शाबूत असतो. पण कोणी ती फाइल तशीच सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की जे दिसतं तेच लिहिलं जातं, आणि हजारो वेगवेगळ्या आयटमांचा बारकोड एकच होऊन बसतो. पॅलेटवरचा १८ आकडी शिपिंग कोड असेल तर सेव्हचीही वाट बघावी लागत नाही. एक्सेल १५ आकड्यांपुढचं लक्षातच ठेवत नाही, शेवटच्या तिघांचे शून्य करून टाकतं. '००४५७' या पार्टी कोडचे पुढचे शून्य गळून '४५७' होतं, आणि यादीत खरोखरचा '४५७' आधीच असतो. '५-१२' हा नटबोल्टचा आयटम कोड पाच डिसेंबर होतो. उलट तारखेच्या कॉलममध्ये ४५७४८ असा आकडा दिसला तर दचकू नका. एक्सेल १९०० सालापासून दिवस मोजतं, त्या हिशेबाने हा १ एप्रिल २०२५ आहे.

तारखांत दुसरा एक छुपा चोर आहे. एखाद्या कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकी असली की ०३/०४ चा तीन एप्रिल न राहता चार मार्च होतो. १३ तारखेपासून पुढच्या नोंदी मात्र तशाच मजकूर म्हणून राहतात, कारण तेरावा महिना नसतो. कॉलममध्ये निम्म्या तारखा डावीकडे आणि निम्म्या उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या तर हेच झालंय असं समजा. औषधं किंवा खाद्यपदार्थांच्या एक्स्पायरीत हे झालं तर चांगला माल बाद होतो आणि बाद माल बाहेर जातो.

मराठीचा प्रश्न वेगळा. आयटमची नावं मराठीत असतील तर आधी बघा की ती युनिकोडमध्ये आहेत की जुन्या फॉन्टमध्ये. श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं नाव खाली इंग्रजी अक्षरांचा कचराच असतं, फक्त फॉन्ट लावल्यावर मराठी दिसतं. हे एआयला देऊन 'ओळख' म्हणू नका. तो अंदाजाने काहीतरी ओळखेलही, आणि 'तूरडाळ'च्या जागी 'उडीदडाळ' आली तर कळणारही नाही. त्यासाठी फॉन्टनिहाय कन्व्हर्टर असतात, ते अक्षराला अक्षर बदलतात, तेच वापरा. युनिकोडची सीएसव्ही एक्सेलमध्ये विचित्र चिन्हांसारखी दिसली तर डेटा बिघडलेला नसतो. फाइल यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) आहे हे एक्सेलला कळलेलं नसतं, इतकंच.

आणि ओळी मोजा. फाइल उघडण्यापूर्वी, उघडल्यावर, प्रत्येक टप्प्यावर. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्याच्या मोजणीतून कोविडचे १५,८४१ रुग्ण सुटले होते, कारण जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलीत ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत आणि उरलेल्या गुपचूप गळल्या. आपल्याकडे दोन-तीन वर्षांची आवक-जावक मागितली की हा आकडा सहज ओलांडला जातो.

पायरी ३ : एआयला फाइल नको, फाइलीचा सारांश द्या

एक छोटं कोड लिहून घ्या, जे प्रत्येक कॉलमबद्दल एवढं सांगेल: शीर्षक काय, रिकाम्या चौकटी किती, वेगवेगळ्या नोंदी किती, सगळ्यात लहान-मोठी लांबी किती, आणि दहा नमुने. नमुने फक्त वरचे दहा घेऊ नका, इकडून तिकडून घ्या. वरच्या ओळी नेहमी शहाण्यासारख्या वागतात. 'बेरीज पुढे', 'एकूण' असल्या ओळी याच वेळी बाजूला काढा, नाहीतर त्या आयटम म्हणून चढतील. एका क्लायंटकडे 'एकूण' नावाचा आयटम दोन महिने स्टॉकमध्ये होता, आणि त्याचाच साठा सगळ्यात जास्त!

आता हा सारांश मॉडेलला देण्याआधी झाकाझाक. फोन नंबर, माणसांची नावं, ईमेल यांच्या जागी त्याच आकाराची खोटी नावं-नंबर टाका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायद्याच्या आधी धंद्याचं भान ठेवा: व्यापाऱ्याला पार्टीचा फोन फुटल्यापेक्षा पार्टीवार रेट फुटण्याची धास्ती जास्त असते. जीएसटी नंबरही निरुपद्रवी समजू नका. त्यातली तिसरी ते बारावी ही दहा अक्षरं म्हणजे अख्खा पॅन असतो, आणि सहावं अक्षर पी असेल तर तो कोणा कंपनीचा नसून एका माणसाचा पॅन आहे. कंपनीने ज्या एआय सेवेशी करार केला आहे तीच वापरा. स्वतःच्या मोबाइलवरच्या फुकट चॅटमध्ये क्लायंटची फाइल टाकणं ही नोकरी जाण्यासारखी गोष्ट आहे.

पायरी ४ : कॉलम जुळवून घ्या

मी साधारण अशी सूचना देते. मराठीत दिली तरी चालते, कॉलमची नावं तेवढी जशीच्या तशी ठेवा:

"हा एका वितरकाच्या जुन्या फाइलीचा सारांश आहे. पहिल्या यादीत त्याचे कॉलम आणि नमुने आहेत. दुसऱ्या यादीत आमच्या सॉफ्टवेअरचे रकाने आणि प्रत्येकाचा अर्थ आहे. कुठला कॉलम कुठल्या रकान्यात जातो ते सांग. प्रत्येक उत्तरासोबत नमुन्यातल्या दोन नोंदी पुरावा म्हणून दे. जुळत नसेल तर 'ठरवता येत नाही' असं लिही, ओढूनताणून जुळवू नकोस. एका कॉलममध्ये दोन गोष्टी असतील तर तसं सांग. स्वतःहून कुठलीही नोंद तयार करू नकोस."

उत्तर जेसन या ठरलेल्या मांडणीत मागा, म्हणजे पुढचं कोड ते थेट वाचू शकेल. बहुतेक मॉडेलांना उत्तराचा साचा आधी ठरवून देता येतो. तसा द्या, नाहीतर कधी जेसनच्या आधी 'नक्कीच, हे घ्या' असं पाल्हाळ येतं आणि कोड अडखळतं.

या सूचनेत सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे 'प्रत्येकाचा अर्थ', आणि तोच लोक गाळतात. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये 'रेट' म्हणजे काय? करासह की कराविना, नगाचा की पेटीचा, दुकानदाराला लागणारा पीटीआर की स्टॉकिस्टला लागणारा पीटीएस? क्लायंटच्या फाइलीत 'रेट', 'रेट १', 'नेट' आणि 'एमआरपी' असे चार कॉलम असतात. आपण एका ओळीत अर्थ लिहिला नसेल तर मॉडेल नावावरून जुळवतं, आणि नावं फसवी असतात. आपल्या रकान्यांच्या अर्थाची ही यादी एकदा मन लावून लिहा, पुढच्या प्रत्येक क्लायंटला तीच चालते.

काही जण मॉडेलला 'किती टक्के खात्री आहे' असं विचारतात. विचारू नका असं मी म्हणणार नाही, पण त्या टक्क्यांवर मी फारशी विसंबत नाही. चुकलेल्या उत्तरालाही ९५ टक्के लिहून येतात. त्यापेक्षा कॉलमचा क्रम उलटसुलट करून तोच प्रश्न दोनदा-तीनदा विचारा. जिथे उत्तरं बदलतात तिथे काकांना फोन.

जुळणीचा तक्ता तयार झाला की तो क्लायंटच्या अकाउंटंटसोबत बसून ओळीनुसार वाचा आणि मेलवर 'ठीक' घ्या. अर्धा तास लागतो. तो वाचवू नका.

पायरी ५ : ओळी नकोत, वेगवेगळ्या नोंदी बघा

ही युक्ती मला उशिरा कळली, तुम्हाला आधीच सांगते. समजा स्टॉकच्या १८ हजार ओळी आहेत आणि युनिटच्या कॉलममध्ये 'पीस', 'पीसेस', 'नग', 'नं.', 'बॉक्स', 'बाॅक्स', 'पेटी', 'कार्टन', 'डझ', 'गोणी' असं काय काय आहे. १८ हजार ओळी मॉडेलकडे पाठवायच्या नाहीत. वेगवेगळ्या नोंदी काढल्या तर त्या चाळीसच्या आसपास निघतात. त्या चाळीस पाठवा, प्रत्येकीसमोर प्रमाण युनिट मागा, तक्ता स्वतः वाचा, आणि मग कोडने १८ हजार ओळींवर लावा. पैसे वाचतात, वेळ वाचतो, आणि मुख्य म्हणजे माणसाला तपासता येईल एवढाच आकडा उरतो. जीएसटीच्या यादीत नगाला एनओएस, डझनाला डीओझेड, गोणीला बीएजी अशी तीन अक्षरी युनिटं ठरलेली आहेत. प्रमाण म्हणून तीच धरली की पुढे रिटर्न भरताना त्रास होत नाही. राज्यांची नावं, पेमेंटची मुदत, ट्रान्सपोर्टरांची नावं, सगळ्यांना हीच युक्ती लागू.

पण युनिटचं भाषांतर झालं म्हणजे युनिट कळलं असं नाही. 'पेटी' म्हणजे किती नग? एकाच कंपनीच्या साबणाची एक पेटी ७२ ची, दुसरी ९६ ची. ओपनिंग स्टॉक पेट्यांत दिलाय आणि आपण नगांत चढवला तर २४० पेट्यांचे २४० नग होतात, आणि पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअर 'माल संपला' म्हणून ओरडायला लागतं. गोदामात मात्र माल छताला लागलेला. ही चूक मी तरी तीन वेगवेगळ्या प्रोजेक्टांवर बघितली आहे. पेटीतले नग मॉडेलला विचारू नका, ते आयटमच्या नावातून ('१०० ग्रॅ. x ७२') काढता येत असतील तर कोडने काढा, नाहीतर यादी करून गोदामात पाठवा.

पत्त्यांबद्दल थोडं वेगळं

नवी मुंबईचा पत्ता परगावच्या सॉफ्टवेअरला समजत नाही. सिडकोने वसवलेल्या नोडांमध्ये, म्हणजे वसाहतींमध्ये, सेक्टरचे नंबर पुन्हा पुन्हा येतात. सेक्टर १९ वाशीतही आहे आणि ऐरोलीतही. फाइलीत नुसतं 'सेक्टर १९, नवी मुंबई' असेल तर ते अर्धवट आहे. मॉडेल इथे हमखास वाशी धरून मोकळं होतं, कारण वाशीचं नाव जास्त वाचनात आलेलं. एमआयडीसीत तर 'टीटीसी इंडस्ट्रियल एरिया' एवढ्यावर महापे, रबाळे, पावणे, तुर्भे सगळेच येतात. खरी ओळख प्लॉटच्या अक्षरात आणि नंबरात असते, आणि साफसफाईत पहिला बळी नेमका त्या अक्षराचा जातो. न्हावा शेवा, जेएनपीटी, जेएनपीए ही एकाच बंदराची नावं आहेत. 'ठाणे (प)', 'ठाणे वेस्ट' आणि 'थाना' एकच.

पत्ता तोडायचं काम मॉडेल खरंच सुंदर करतं: प्लॉट, इमारत, सेक्टर, नोड, पिनकोड वेगळे करून देतं. तेवढंच घ्या. जे पत्त्यात नाही ते भरू देऊ नका, विशेषतः पिनकोड. ई-वे बिलाच्या (माल नेताना जीएसटीसाठी लागणाऱ्या बिलाच्या) पोर्टलवर अंतर पिनकोडवरून निघतं आणि बिलाची मुदत अंतरावर ठरते, तेव्हा चुकीचा पिनकोड रिकाम्यापेक्षा महाग पडतो. ऐरोली ४००७०८, वाशी ४००७०३, भिवंडी ४२१३०२: नोडचं नाव आणि पिनकोड एकमेकांशी भांडत असतील तर ती ओळ बाजूला काढा.

पायरी ६ : तपासणी, आणि ती एआयची नाही

इथे मॉडेल लागत नाही. गणित लागतं.

जीएसटी नंबरात १५ अक्षरं, पहिली दोन राज्याची (महाराष्ट्र २७, गुजरात २४, सिल्वासाची पार्टी २६), शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून निघतं. ते काढून ताडा. चौदाव्या झेडचा कोणीतरी २ केलेला असतो, शून्याचा ओ केलेला असतो. सगळं इथे अडकतं. राज्याचा आकडा आणि पत्त्यातलं राज्य जुळतं का बघा. नसेल जुळत तर चूकच असं नाही, माल एकीकडे आणि बिल दुसरीकडे असू शकतं, पण विचारायला हवं. बारकोडचा तेरावा आकडा असाच आधीच्या बारांवरून निघतो. न्हावा शेव्यातून आयात करणारा क्लायंट असेल तर कंटेनर नंबर चार अक्षरं आणि सात आकडे असा असतो, त्यातला शेवटचा आकडा तपासणीचा. एचएसएन कोड (मालाचा प्रकार सांगणारा जीएसटीतला कोड) चार, सहा किंवा आठ आकडी. पाच किंवा सात आकडी दिसला तर बहुधा पुढचा शून्य गळालाय. दूध, भाज्या, मासळी, सगळे शून्याने सुरू होतात, म्हणून एपीएमसीच्या व्यापाऱ्यांच्या फाइलीत हे हटकून सापडतं.

दुबार पार्ट्या शोधायला मात्र एआयचा उपयोग होतो. 'मे. अमुक ट्रेडर्स', 'अमुक ट्रेडर्स (जुने)', 'अमुक ट्रेडिंग, वाशी'. आधी कोडने जीएसटी नंबर आणि फोन नंबर सारखे असलेल्या ओळींचे गट करा, मग नावं जवळची वाटतात अशा जोड्या मॉडेलला दाखवून 'एकच की वेगळे, आणि कशावरून' असं विचारा. एकत्र करायचा निर्णय क्लायंटचा. एकाच जीएसटी नंबरावर तीन दुकानं असणं हे नेहमीचं आहे. बिल एकीकडे, माल तिघांकडे. उत्साहाच्या भरात ती एक करून टाकली की दुसऱ्या दिवशी टेम्पो तिन्ही दुकानांचा माल एकाच दारात उतरवून येतो.

जी ओळ तपासणीत नापास होईल ती फेकायची नाही आणि दुरुस्तही करायची नाही. वेगळ्या शीटमध्ये, मूळ ओळ क्रमांकासह, 'काय चुकलं' हे साध्या मराठीत लिहून क्लायंटला परत. ते वाक्य लिहायला मॉडेल छान कामाला येतं. 'जीएसटीआयएन चेकसम फेल' वाचून अकाउंटंटला काही कळत नाही. 'या पार्टीच्या जीएसटी नंबरात एखादं अक्षर चुकलेलं दिसतं, बिलावरून पाहून कळवावं' वाचून कळतं.

पायरी ७ : आधी तालीम

थेट चालू सॉफ्टवेअरमध्ये चढवू नका. मधल्या, तात्पुरत्या टेबलात चढवा आणि पहिल्या दिवशी घेतलेला तो एका पानाचा कागद काढा. आयटम, पार्ट्या, स्टॉकची किंमत, येणं. चढलेल्या आणि बाजूला काढलेल्या ओळींची बेरीज कागदावरच्या आकड्याएवढी, असा हिशेब रुपयापर्यंत लागला पाहिजे. इथे एक सावधगिरी: '१,००,०००' मधले स्वल्पविराम आपल्या पद्धतीचे असतात, काही साधनं ते मजकूर समजून तो आकडा सोडून देतात. बेरीज नेमकी मोठ्या रकमांनी कमी आली तर पहिला संशय त्यावर.

हिशेब लागला की काकांना गोदामात वीस आयटम मोजायला सांगा, त्यांनी निवडलेले. आपण निवडलेले नाहीत.

चढवताना प्रत्येक ओळीला खेपेचा नंबर द्या, म्हणजे गडबड झाल्यास ती खेप आख्खी मागे घेता येईल. आणि प्रत्येक आयटमला, पार्टीला क्लायंटचा जुना कोड कायमचा चिकटवून ठेवा. तीच फाइल चुकून दुसऱ्यांदा चढली तर नव्या ओळी तयार न होता जुन्याच अद्ययावत होतात. अशी फाइल दुसऱ्यांदा चढतेच.

पायरी ८ : रोजचं चढवणं आपोआप

खरं ऑटोमेशन इथून सुरू होतं. क्लायंट रोज रात्री ऑर्डरची किंवा स्टॉकची फाइल ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकणार आणि ती आपोआप चढणार. या रोजच्या फेरीत एआय शक्यतो नकोच. पायरी ४ आणि ५ मध्ये मंजूर झालेले तक्ते सेव्ह करून ठेवलेत. कोड तेच वापरतं. शीर्षकं कालच्यासारखीच असतील तर सरळ पुढे. एखादा कॉलम नवा आला, नाव बदललं, युनिटमध्ये कधी न दिसलेला शब्द आला, तेवढ्यापुरतं मॉडेलला विचारायचं आणि त्याचा सल्ला माणसाच्या मंजुरीसाठी थांबवायचा.

फाइल कधी अजिबात चढवायची नाही, हेही आधी लिहून ठेवा. माझी यादी अशी: ओळी कालच्या निम्म्याहून कमी, कालचीच फाइल पुन्हा आली, नापास ओळी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त, एखाद्या आयटमचा साठा एका रात्रीत बारा पट किंवा बाराव्या हिश्शाचा झाला (कोणीतरी डझन आणि नग बदलले). असं झालं की कालचा डेटा जागेवर ठेवायचा, काम थांबवायचं आणि निरोप पाठवायचा. निरोपात फाइलीचं नाव, काय अडलं आणि उद्या सकाळी कोणी काय करायचं, एवढंच. तो व्हॉट्सॲपवर जाईल असं बघा. गोदामात मेल कोणी उघडत नाही.